फोडलेल्या काँक्रीटची खडी वापरली आणि क्यूब फेल गेले

साइटवरची

नमस्कार. गेली अकरा वर्षं साइटवर क्वालिटीचं काम बघते. एक फसलेलं काम इथे मांडते आहे. नेमकं कुठे चुकलं ते मला अजून नीट उलगडलेलं नाही, आणि इथे या विषयात हात घातलेली माणसं आहेत.

आवारातली एक जुनी दुमजली इमारत पाडली. राडारोडा गाड्या भरभरून बाहेर टाकण्यापेक्षा तिथेच क्रशर लावायचा, खडी करायची आणि नव्या कामात वापरायची असं मालकांनी ठरवलं. मला ही कल्पना मनापासून पटली होती, आजही पटते. डोंगर फोडून आणलेला दगड एकदा वापरायचा, मग खड्ड्यात पुरायचा आणि पुन्हा दुसरा डोंगर फोडायचा, हे बघवत नाही.

काम म्हणाल तर साधं. आतले रस्ते आणि पार्किंगचा तळ, सळई नाही, ग्रेड एम २५, म्हणजे २८ दिवसांनी २५ मेगापास्कलची ताकद. १ घनमीटरला सिमेंट ३६० किलो, पाणी १८० लिटर, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०. जाडी खडी ११०० किलो, त्यातली अर्धी खाणीची आणि अर्धी ही फोडलेली. प्लँटवर स्लंप, म्हणजे ओला माल किती ढळतो त्याचं माप, १२० मिमी होता. गाडी साइटवर यायला ४० मिनिटं लागली आणि माल चुटीतून उतरेना. स्लंप लावला तर जेमतेम ३५. मी दुसऱ्या टोकाला होते, तेवढ्यात मिक्सरमध्ये पाइप सोडला गेला. किती पाणी गेलं ते कुणी मोजलं नाही.

२८ दिवसांनी तीन क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, फोडले : २१.८, २२.६ आणि २३.१ मेगापास्कल. एम २५ हमखास मिळावं म्हणून मिक्स ३१.६ धरून बसवलेलं होतं. मागाहून कोअर, म्हणजे पक्क्या काँक्रीटमधून कापलेले नळकांडी नमुने, काढले. नुसत्या पायवाटेपुरतं ते काँक्रीट चालेल असं ठरलं, पण गाड्या फिरणार होत्या तो पट्टा फोडावा लागला.

आता सगळे म्हणतात, "तरी सांगत होतो, राड्यारोड्याची खडी वापरू नका." मला ते पटत नाही. दोष खडीचा की आमचा?

वाटसरू२२

वाचतोय. आमच्याकडेही हाच विचार चालू आहे.

चाळणी

ताई, आधी हे सांगा : क्यूब प्लँटवर भरले की साइटवर? साइटवर असतील तर पाइप लावण्याआधी की नंतर? त्या खडीचं पाणी शोषण काढलं होतं का? ढीग कोरडा होता की ओला? आणि फुटलेल्या क्यूबचे तुकडे ठेवले आहेत का? असतील तर भिंगाखाली बघा. जुनी खडी मोडली आहे, की नवा मसाला (सिमेंट-वाळूचा) तिच्यापासून सुटला आहे?

साइटवरची

चाळणीकाका, क्यूब साइटवर भरले, पाइप लावल्यानंतर. ढीग भर उन्हात पडलेला, पार कोरडा. शोषण आधी काढलं नव्हतं. ही माझी चूक, मान्य करते. हिशोबात खाणीच्या खडीचाच १ टक्का धरला होता. नंतर चाचणी केली तेव्हा फोडलेल्या खडीचं शोषण ६.२ टक्के निघालं.

तुकडे ठेवले आहेत. आज उजेडात नीट बघितले. खाणीची काळी खडी बहुतेक ठिकाणी शाबूत आहे. फोडलेल्या खडीत मात्र भेग थेट जुन्या मसाल्यातून आरपार गेली आहे. मध्ये मध्ये विटेचे लालसर कण आहेत. आणि दोन ठिकाणी पांढरा, नखाने खरवडला जाईल असा भुसभुशीत पदार्थ सापडला.

पाणीसिमेंट

तुमचा आकडा मांडून बघूया, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे.

५५० किलो फोडलेली खडी. शोषण ६.२ टक्के, तुम्ही धरलं १ टक्का. फरक ५.२ टक्के म्हणजे १ घनमीटरमागे साधारण २९ लिटर. तुमच्या १८० लिटरपैकी एवढं पाणी खडी ओढून घेणार, याची हिशोबात कुठेच नोंद नव्हती. प्लँटवर मिसळल्या मिसळल्या स्लंप छान दिसला, कारण खडीने अजून पाणी प्यायला सुरुवात केली होती एवढंच. पहिल्या १०-१५ मिनिटांत ती बरंचसं पिते, उरलेलं सावकाश. ४० मिनिटांत माल आखडला तो त्यामुळे.

आता कुणी म्हणेल, २९ लिटर कमी पडले आणि पाइपने तेवढेच परत घातले, तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. एकदा खडीभोवती सिमेंटचा लेप बसला की मागून घातलेलं पाणी खडीत फारसं शिरत नाही. ते नव्या मसाल्यातच राहतं आणि तिथलं गुणोत्तर वाढतं. शिवाय पाइपला माप नसतं. माल नुसता सरकावा म्हणून घातलेलं पाणी २९ वर थांबलं असेल असं मला वाटत नाही.

एक प्रयोग करून बघा, पाच मिनिटांचा आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या. एका पेल्यात खाणीच्या खडीचा कोरडा तुकडा टाका, दुसऱ्यात फोडलेल्या काँक्रीटचा. पहिला गप्प बसतो, दोन-चार बुडबुडे आले तर आले. दुसऱ्याच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर चढत राहतात. प्रत्येक बुडबुडा म्हणजे पाण्याने बाहेर ढकललेली हवा. मी नव्या मुलांना आधी हे दाखवतो, आयएस कोड मागाहून.

हे होतं कारण या खडीचा प्रत्येक दाणा निव्वळ दगड नसतो. दगडाला जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो सच्छिद्र असतो. हॅन्सन आणि नारुड यांनी १९८३ मध्ये मोजलं होतं : १६ ते ३२ मिमीच्या दाण्यात चिकटलेला मसाला आकारमानाने २५ ते ३५ टक्के, ८ ते १६ मिमीत सुमारे ४० टक्के आणि ४ ते ८ मिमीत सुमारे ६० टक्के. दाणा जितका बारीक तितका दगड कमी, मसाला जास्त. म्हणून "खडी" हा एकच शब्द दोन्हींना वापरला तरी माल एक नाही.

अंगण

खूप छान समजावलंत. मी आर्किटेक्ट आहे. अगदी साधा प्रश्न : मग खडी आधी भिजवून घातली की झालं?

पाणीसिमेंट

भिजवणं हवंच, पण कसं भिजवता त्यावर आहे. पूर्ण ठिबकती खडी घातली तर तिच्या अंगावरचं पाणी मिक्समध्ये उतरतं आणि खडीभोवतीचा थर पातळ होतो. माझी पद्धत अशी : आदल्या संध्याकाळपासून ढिगावर फवारा, पहाटे बंद, तीन-चार तास निथळू द्यायचं. वापरायच्या वेळी आतून ओली पण हाताला पाणी न लागणारी खडी मिळाली पाहिजे. ढिगाखाली उतार आणि निचरा नसेल तर तळची खडी चिंब आणि माथ्याची कोरडी राहते, मग एका गाडीचा स्लंप दुसरीला जुळत नाही. आणि दर सकाळी ओलाव्याची चाचणी. कढईत तापवून काढली तरी चालेल, पण काढा.

भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत या खडीला पहिल्यांदा रीतसर जागा मिळाली. फोडलेल्या खडीचं शोषण १० टक्क्यांपर्यंत चालतं, पण आधी भिजवण्याच्या अटीवर. ही अट लोक वाचतच नाहीत.

त्याच मानकात प्रमाणही आहे. काँक्रीट फोडून केलेली जाडी खडी सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम २५ पर्यंतच. एम १५ च्या खालच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये मात्र १०० टक्के. ताई, तुम्ही ५० टक्के वापरली. दुप्पट.

साइटवरची

हो. तो निर्णय वरून आला होता, पण मी लेखी विरोध नोंदवला नाही. पुढे नोंदवेन.

जुनंघर

मी पाडकामात आहे. वडिलांपासून हाच धंदा. इथे सगळे पाण्यावर बोलत आहेत, मला ताईंच्या त्या पांढऱ्या पदार्थावर बोलायचं आहे.

नखाने खरवडलं जातं म्हणालात, तो जिप्सम असणार. फॉल्स सीलिंगचे तुकडे नाहीतर आतल्या भिंतीचा पीओपी. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी त्याची गाठ पडते, ओलावा मिळाला की नवे स्फटिक वाढतात आणि काँक्रीट आतून फुगतं. हे २८ दिवसांत दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी जाळीदार भेगा येतात. तुमचे क्यूब याने पडले नसतील, पण मला तरी सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. युरोपीय मानकात फोडलेल्या खडीच्या पाण्यात विरघळणाऱ्या सल्फेटसाठी ०.२ टक्क्यांची वेगळी प्रतवारी ठेवलेली आहे, ती काही उगाच नाही.

खडीचा दर्जा क्रशरवर ठरत नाही, पाडताना ठरतो. आमच्याकडे दोन प्रकारची कामं येतात. एकात सांगतात, "आठ दिवसांत जागा मोकळी करा." मशीन वरून आदळत येतं आणि स्लॅब, वीट, लाकूड, काच, फरशी, वायरी सगळ्याचा एकच काला होतो. त्यातून नंतर चांगली खडी काढणं म्हणजे शिजलेल्या आमटीतून मीठ वेचणं. दुसऱ्या कामात आधी आतलं सगळं उतरवतात. दारं-खिडक्या, सीलिंग, वायरिंग, संडास-बाथरूमच्या टाइल्स, मग विटांच्या भिंती. शेवटी नुसता काँक्रीटचा सांगाडा उभा राहतो आणि मग त्याला हात लावायचा. त्या सांगाड्याची खडी बघा, मन प्रसन्न होतं. वेळ जास्त लागतो, हे खरं आहे. पण तो वेळ पाडकामाच्या वेळापत्रकात आधीच धरायला हवा. नंतर चाळणीपाशी तो कुणालाच मिळत नाही.

सळई चुंबकाने निघते. लाकूड आणि थर्माकोल हवेच्या झोताने किंवा पाण्याच्या टाकीत वर तरंगून निघतं. पीओपी मात्र फुटून पावडर होतो आणि सगळ्याला लागतो. तो आधीच उतरवायचा, त्याला दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

अंगण

आणि वीट? ताईंच्या तुकड्यांत वीटही आहे. माझ्या मते विटेचा रंग काँक्रीटला छान येतो, म्हणून विचारते.

चाळणी

वीट वाईट नाही, तिची जागा वेगळी. पक्क्या विटेचं शोषण दगडाच्या कितीतरी पट, आणि ती दाबाखाली लवकर चुरडते. म्हणून मानकं दोन नावं वेगळी ठेवतात : निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी आणि वीट-प्लास्टरसकट मिश्र खडी. दुसरी फक्त भरावाच्या काँक्रीटसाठी. पण विटेचं काँक्रीट ही नवी गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शहरंच्या शहरं ढिगारे होऊन पडली होती, तेव्हा विटेच्या गिट्टीचं काँक्रीट करून घरं उभी केली. आणि बारीक विटेची सुर्खी चुन्यात घालायची हे तर रोमनांपासून आपल्या जुन्या बांधकामांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कमी तापमानाला भाजलेल्या मातीची पूड चुन्याबरोबर घट्ट होते. पण पूड वेगळी, खडी वेगळी. रंगासाठी हवी असेल तर भार न घेणाऱ्या भागात वापरा, आणि शोषण काढूनच.

तुळई

मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो. उत्साह कमी करायचा हेतू नाही, पण सगळी चर्चा क्यूबच्या आकड्यावर चालली आहे म्हणून लिहितो. क्यूब पास झाला म्हणजे खडी पास झाली, असं नाही.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ५५५ क्रमांकाच्या समितीने जे आकडे एकत्र केले ते माझ्या टेबलावर असतात. वाळू नैसर्गिक ठेवून जाडी खडी पूर्ण बदलली तर ताकद ५ ते २४ टक्के कमी. ताकद सिमेंट वाढवून भरून काढता येते. पण स्थितिस्थापकता मापांक, म्हणजे काँक्रीटचा ताठपणा, १० ते ३३ टक्के उतरतो, सुकताना आकसणं २० ते ५० टक्के वाढतं आणि सततच्या भाराखालची सरक, म्हणजे क्रीप, ३० ते ६० टक्के वाढते. वाळूही फोडलेलीच वापरली तर याहून वाईट.

याचा अर्थ काय? स्लॅब पडणार नाही, पण झुकेल. लांब गाळ्याचा, पातळ स्लॅब घ्या. क्यूब ३० दाखवतो, डिझाइनरने ३० च्या हिशोबाने झुकाव काढला, आणि प्रत्यक्षात दोन वर्षांनी मध्यावरची फरशी उचलते, खालच्या पार्टिशनला भेग जाते. दोष गवंड्याला लागतो. म्हणून माझ्या ड्रॉइंगवर ही खडी असेल तर मापांकाची चाचणी मागतो. पायाच्या राफ्टला, जाड भिंतीला, पेव्हर ब्लॉकला माझी हरकत नाही. लांब गाळ्याच्या स्लॅबला आहे. २० टक्क्यांच्या आत ठेवलं तर हे सगळे फरक नेहमीच्या चढउतारात विरून जातात, म्हणून ती मर्यादा मला शहाणपणाची वाटते.

पाणीसिमेंट

तुळई, पूर्ण सहमत. एक भर घालतो. मापांक उतरण्याचं कारणही तोच चिकटलेला मसाला. एरवी १ घनमीटरमध्ये ठरावीक दगड आणि ठरावीक मसाला असतो. फोडलेली खडी घातली की आपण नकळत दगड कमी आणि मसाला जास्त करतो, कारण "खडी" म्हणून मोजलेल्या वजनात मसाला लपलेला असतो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये यावर एक पद्धत मांडली : जुना मसाला खडीत न धरता मसाल्यातच धरायचा आणि नवा मसाला तेवढा कमी करायचा. कागदावर सरळ आहे. मी एकदाच केलंय, मापांक सुधारला, पण मिक्स खरबरीत होतं आणि पाणी न वाढवता माल सरकवणारा सुपरप्लास्टिसायझर चांगला लागतो.

आणि मिसळण्याचा क्रम. विवियन टॅम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन टप्प्यांची पद्धत प्रसिद्ध केली. आधी खडी आणि वाळू फिरवायची, मग निम्मं पाणी, मग सिमेंट, शेवटी उरलेलं पाणी. सिमेंट पडतं तेव्हा पाणी निम्मंच असल्यामुळे खडीभोवती घट्ट लेप बसतो, तो जुन्या मसाल्याच्या भेगांत आणि छिद्रांत शिरतो. आम्ही प्लँटच्या पॅनलवर फक्त क्रम बदलला, यंत्रात काहीच बदल नाही. तेवढ्याने ताकद थोडी चढली आणि मुख्य म्हणजे क्यूबमधला आपापसातला फरक कमी झाला. मला तरी ताकदीपेक्षा ते जास्त मोलाचं वाटलं.

वाटसरू२२

हे वाचून लगेच आमच्या प्लँटच्या माणसाला पाठवलं. एक विचारू? जपानमध्ये म्हणे १०० टक्के वापरतात, मग आपणच २० वर का अडकायचं?

चाळणी

जपानने खडीची प्रतवारी केली, म्हणून जमतं. त्यांची तीन मानकं आहेत. एच वर्गाच्या जाड्या खडीचं शोषण ३ टक्क्यांच्या आत आणि घनता किमान २.५. तिला जवळजवळ नेहमीच्या खडीसारखं वागवतात. एम वर्ग ५ टक्क्यांपर्यंत. तो जमिनीखालच्या भागांसाठी, म्हणजे पाइल, पायाचे बीम वगैरे, जिथे सुकून आकसण्याची भीती कमी. एल वर्ग ७ टक्क्यांपर्यंत, भरावाला. ताईंची ६.२ वाली खडी तिथे एल मध्ये गेली असती.

एच मिळवायला नुसतं फोडून भागत नाही. खडी साधारण ३०० अंशांना तापवतात, म्हणजे जुना मसाला ठिसूळ होतो, आणि मग दाणे एकमेकांवर घासून तो झाडून टाकतात. दगड गुळगुळीत बाहेर येतो. पण इंधन लागतं आणि मागे भुकटीचा ढीग उरतो. दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची : बंद जागेत खडीवर तो वायू सोडायचा. जुन्या मसाल्यातल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, ते छिद्रांत बसतं, शोषण कमी होतं. ही मला जास्त आवडते, कारण वायू कायमचा बांधला जातो. पण अशी खडी सळईच्या काँक्रीटमध्ये घालताना तिच्यातला, सळईला गंजापासून जपणारा अल्कधर्म कमी झालेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

अंगण

म्हणजे पर्यावरणाला फायदा किती, हेही मोजायला हवं. मी ग्राहकांना सांगते की या खडीने कार्बन वाचतो. चूक सांगते का?

पाणीसिमेंट

अंगणताई, थोडं दुरुस्त करून सांगा. काँक्रीटचा बहुतेक कार्बन सिमेंटमध्ये आहे. साध्या सिमेंटच्या १ किलोमागे साधारण ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड. खडीचा तिच्या मानाने नगण्य, १ टनामागे काही किलो. आता समजा ३३० किलो खाणीची खडी वाचवली, तर कार्बन वाचला फार तर दोन-तीन किलो. आणि ताकद पडली म्हणून २० किलो सिमेंट वाढवलं, तर चढला सतरा किलो. व्यवहार तोट्यात गेला. हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय, हिरवा शिक्का मारलेलं काँक्रीट प्रत्यक्षात जास्त काळं.

फायदा दुसरीकडे आहे आणि तो खरा आहे. खाण कमी खणली जाते, राडारोडा नदीकाठी आणि खाजणात पडत नाही, आणि लांबून दगड आणणाऱ्या गाड्या वाचतात. सिमेंट न वाढवता जेवढी खडी बसते तेवढीच घाला, ही माझी रेघ. ग्राहकाला हेच सांगा, त्याला पटेल.

जुनंघर

हे वाचून बरं वाटलं. आमच्या गाड्या कुठे रित्या होतात ते मी बघत आलोय.

एक राहिलं होतं. ढिगाखालून पावसात जे पाणी वाहतं ते चुनाळ असतं, सामू ११-१२ पर्यंत जातो. ते गटारात किंवा झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नका. आमच्या पोरांच्या पायाची कातडी सोलली होती एकदा. गमबूट सक्तीचे.

साइटवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. मधले दीड महिने गप्प होते, कारण तुमचं ऐकून चाचण्या लावल्या होत्या. आकडे देते.

ढिगातली खडी हाताने निवडून पीओपी आणि वीट बाजूला काढली (चार बायका, दोन दिवस), मग १० मिमीच्या चाळणीवर चाळून खालचं टाकून दिलं. शोषण ६.२ वरून ४.९ वर आलं. नुसत्या निवडण्या-चाळण्याने! पाणीसिमेंट यांनी हॅन्सनचे आकडे दिले होते तेव्हा ते पुस्तकी वाटले होते. बारीक दाणे काढल्यावर वजनकाट्यावर तेच दिसलं.

मग तीन मिक्स. सिमेंट तिन्हीत ३६०, प्रभावी गुणोत्तर (खडीने प्यालेलं पाणी सोडून) ०.५०, रात्रभर फवारा, सकाळी निथळून ओलावा मोजला, मिसळताना दोन टप्पे. क्यूबची २८ दिवसांची सरासरी : नुसती खाणीची खडी ३३.२, २० टक्के फोडलेली ३२.४, ५० टक्के फोडलेली २८.७. चाळीस मिनिटांनी स्लंप अनुक्रमे ९५, ९० आणि ७५. पाइपला कुणी हात लावला नाही, गरजच पडली नाही.

म्हणजे त्या वेळी ५० टक्क्यांवर आलेले २२.५ आणि आता आलेले २८.७, यांतला फरक पाण्याचा आणि निवडण्याचा. आणि २८.७ पासून ३३.२ पर्यंतचा फरक खडीचा स्वतःचा. हे दोन वेगळे करून बघता आले, यातच मला उत्तर मिळालं.

फुटलेले क्यूब पुन्हा भिंगाखाली बघितले, काका. २० टक्क्यांच्या क्यूबमध्येही भेग काही ठिकाणी जुन्या मसाल्यातून गेली आहे. पण नवा मसाला आता सुटलेला नाही. घट्ट धरून आहे.

मालकांना लेखी कळवलं : रस्त्यांना २० टक्के, पेव्हर आणि कर्बस्टोन यांच्याखालच्या कोब्याला १०० टक्के. त्यांनी मान्य केलं. आता एकच अडचण उरली आहे. १० मिमीच्या खालचा जो माल चाळून काढला त्याचा मोठा ढीग पडून आहे. वाळू म्हणून वापरू का?

तुळई

ताई, सळईच्या काँक्रीटमध्ये नको. मानक थोड्या प्रमाणाला परवानगी देतं, तरी मी देणार नाही. जुन्या सिमेंटचा अंश सगळा बारकाईत येऊन साठतो, आकसणं त्यानेच वाढतं.

चाळणी

आणि बारीक मालाचं शोषण नीट मोजताच येत नाही. दाणे ओले असताना एकमेकांना चिकटतात, कोरड्या पृष्ठभागाची खूण चुकते. १० टक्क्यांच्या आसपास किंवा वर निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ५ ते १० मिमीचा भाग वेगळा चाळून भरावाच्या काँक्रीटला घाला. त्याखालचं रस्त्याच्या तळाशी दाबून बसवा. रोलर फिरवताना पाणी मारलं की छान घट्ट बसतं, आत न मुरलेलं सिमेंट थोडं उरलेलं असतं ते मदत करतं.

या भुकटीचं पुढे सोनं होईल असं मला वाटतं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या काँक्रीटमधला सिमेंटचा अंश पोलादाच्या विद्युत भट्टीत चुन्याच्या जागी घातला आणि निघालेल्या स्लॅगपासून पुन्हा सिमेंट केलं. २०२४ मध्ये ते नेचर मध्ये छापून आलं. म्हणून फेकू नका, जिप्सम नसलेला ढीग वेगळा ठेवा.

साइटवरची

ठेवते. पाटी लावून, ताडपत्री घालून, खाली निचऱ्याची चारी काढून. उद्या ५ मिमीची चाळणी मागवली आहे. तळाशी दाबल्यावर घनतेचे आकडे आले की इथेच लिहीन.

जुनंघर

ताई, पुढची इमारत पाडायला निघेल तेव्हा निविदा काढण्याआधी मला एक हाक मारा. सीलिंग आधी कसं उतरवायचं ते तुमच्या माणसांना दाखवायला मी स्वतः येईन.